जुना लॅपटॉप देताना



सातपुड्यातील आपल्या केंद्रात देणगीत मिळालेला नऊ वर्षांचा, स्वस्तातला लॅपटॉप आहे. बॅटरी गेलेली, त्यामुळे वीज गेली की अर्धवट भरलेला अर्जही जातो. तरी गावकऱ्यांच्या वनहक्क दाव्यांचे कागद त्यातच स्कॅन करून ठेवलेले. 2006 च्या कायद्याप्रमाणे जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असल्याचा पुरावा लागतो. दंडाची एक जीर्ण पावती म्हणजे एका घराची शेती.

यंदा हार्ड डिस्क कटकट वाजू लागली. तिच्यात तबकडी फिरते. जीपमधले धक्के तिला सोसत नाहीत. आम्ही आधी सर्व कागद दोन पेनड्राइव्हवर उतरवले, मग एसएसडी बसवली. तिच्यात हलणारा भागच नसतो. दहा मिनिटे घेणारा लॅपटॉप आता मिनिटभरात सुरू होतो. बॅटरी मात्र अजून बाकी आहे.

आपल्या घरी जुना लॅपटॉप असेल तर जरूर द्या. पण एसएसडी आणि चांगली बॅटरी बसवून द्या. नाहीतर आपली अडगळ तेवढी डोंगरावर येते. ज्यावर कोणाची जमीन अवलंबून आहे, ते दान चालते असावे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.