जलपर्णीचा विस्तार आणि तलावांचे अर्थकारण

एखादी वनस्पती जेथे निसर्गतः वाढते तो तिचा मूळ प्रदेश आणि माणसाने नेल्यामुळे ती जेथे स्थिरावते तो तिचा विस्तारित प्रदेश होय. या दोहोंतील फरक केवळ भूगोलाचा नाही, अर्थशास्त्राचाही आहे. जलपर्णी हे त्याचे ठळक उदाहरण.

जलपर्णीचे मूळ दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. जांभळ्या फुलांमुळे शोभेची वनस्पती म्हणून ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली. तेथे जलमार्ग व भातशेती यांची इतकी हानी झाली की, १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज रायपूरची खारून, पुण्याची मुळा-मुठा आणि कोल्हापूरची पंचगंगा या नद्यांनाही तिचा उपद्रव होतो.

मूळ प्रदेशात नैसर्गिक शत्रू असलेले कीटक तिला आवर घालतात. विस्तारित प्रदेशात ते नसतात. उलट सांडपाण्यातून नायट्रोजन व फॉस्फरस हे पोषक घटक विपुल मिळतात. अनुकूल परिस्थितीत सुमारे दोन आठवड्यांत तिचे क्षेत्र दुप्पट होऊ शकते. मात्र सांडपाणी साचले की देशी पाणकणीसही माजते. म्हणजेच दोष केवळ परकेपणाचा नाही.

शंकरनगरजवळचा तेलीबांधा तलाव किंवा जुना बूढा तलाव यांसारख्या जलाशयांवर रायपूर वाढले. छत्तीसगढमध्ये तलाव हे स्नान, गुरांचे पाणी, मासेमारी व शिंगाडा यांचे सामाईक साधन आहे. सांडपाणी सोडतो एक आणि उत्पन्न बुडते मच्छीमाराचे. अर्थशास्त्रात यालाच ऋण बाह्यपरिणाम म्हणतात. जलपर्णी काढण्याचा खर्च शेवटी करदात्यावर पडतो. चिखलातील बी अनेक वर्षे जिवंत राहत असल्याने तो पुन्हापुन्हा करावा लागतो.

१९८० च्या दशकात भारतात आणलेल्या नियोकेटिना भुंगेऱ्यांनी बंगळुरू परिसरातील तलावांत चांगले परिणाम दाखवले. तथापि पाण्यातील पोषक घटक कमी झाल्याशिवाय कोणताही उपाय टिकत नाही. आक्रमक परकीय प्रजातींमुळे होणारे जागतिक नुकसान २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होते, असा आंतरराष्ट्रीय अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रजातींचा शिरकाव व प्रस्थापना यांचा वेग २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखड्यात २०२२ मध्ये ठरले आहे.

सांडपाणी प्रक्रियेवरील खर्च ही गुंतवणूक आहे. केवळ जलपर्णी उपसण्यावरचा खर्च हे दरवर्षीचे व्याज आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व पालिकेच्या अंदाजपत्रकात उतरले, तरच तलाव त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या उपयोगी राहतील.