देहातील चक्रे : किती, कोठे आणि कशासाठी?

(शेंद्रा येथे वर्षावासातील व्याख्यानात मांडलेल्या विचारांचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. योगी नव्हे, डॉक्टरही नव्हे. कला शाखेत पदवी घेताना जे थोडे वाचन झाले आणि पुढे जे वाढवले, तेवढीच आमची शिदोरी. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. काउंटरवर बसले की माणसे पैसे कशासाठी काढतात हे आपोआप कानावर येते. मागच्या वर्षी एका ताईंनी मुदत ठेव मोडली. विचारले तर म्हणाल्या, "दादा, गळ्याचं चक्र बंद पडलंय. शिबिरात उघडून देणार आहेत." थायरॉइडची रोजची गोळी त्यांनी शिबिरवाल्यांच्या सांगण्यावरून बंद केली होती. पुढे अंगावर सूज आली, डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि तब्येत सावरली. ठेव मात्र गेली ती गेलीच. म्हणून चक्र म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

हा विषय समजून घ्यायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याच्या मातीत तीन वेगवेगळ्या परंपरा नांदल्या आहेत.

पहिली नाथपंथाची. पैठणजवळचे आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे गाव. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे ही विद्या आली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृतीचे सविस्तर वर्णन आहे. आज सर्वांना पाठ असलेली यादी मात्र मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा ही सहा आणि वर सहस्रार, अशी आहे. ती जगभर पोहोचली ती बंगालच्या पूर्णानंदांच्या 'षट्चक्रनिरूपण' या सोळाव्या शतकातील ग्रंथामुळे. जॉन वुड्रॉफ यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. या सहा चक्रांच्या पाकळ्या अनुक्रमे ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज ५०. प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतील एक अक्षर बसवले आहे. म्हणजे पाकळ्यांचा हिशेब शरीरावरून नव्हे, अक्षरांवरून आला. गोरखनाथांच्या नावावर असलेल्या 'सिद्धसिद्धान्तपद्धती'त तर चक्रे नऊ आहेत!

दुसरी परंपरा बौद्ध वज्रयानाची. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, ज्याला आपण तीन ताल म्हणतो, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व अशी नऊ चौकटींची मंडले कोरली आहेत. ती देहातली चक्रे नव्हेत. पण ध्यानासाठी आकृती वापरण्याची रीत आठव्या शतकाच्या सुमारास येथे रुजली होती, एवढे त्यावरून दिसते. पुढच्या हेवज्रतंत्रात देहात चारच चक्रे सांगितली आहेत. नाभीपाशी ६४ पाकळ्यांचे निर्माणचक्र, हृदयात ८ पाकळ्यांचे धर्मचक्र, कंठात १६ पाकळ्यांचे संभोगचक्र आणि मस्तकात ३२ पाकळ्यांचे महासुखचक्र. कालचक्रतंत्रात पुन्हा सहा होतात. येथे एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. नाभीतून उठणाऱ्या अंतरीच्या अग्नीला या ग्रंथांनी नाव दिले 'चांडाली'. ज्यांची सावलीही समाजाने टाळली, त्यांचेच नाव सिद्धांनी मुक्तीच्या ज्वालेला दिले. हे नाव वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ नुसते बसून राहिलो होतो.

तिसरी परंपरा सूफींची. पाणचक्की पाहायला आपण मुलाबाळांना नेतो. ते बाबा शाह मुसाफिर यांचे स्थान. ते नक्शबंदी सिलसिल्याचे. या सिलसिल्यात 'लतीफा' नावाची सूक्ष्म स्थाने सांगतात. शेख अहमद सरहिंदी यांच्या शाखेत कल्ब छातीच्या डाव्या बाजूला, रूह उजव्या बाजूला, मग सिर्र, खफी आणि अखफा. पाचही छातीतच! कण्यातून वर चढणारी शिडी येथे नाही. एकेका ठिकाणी मन लावून मूक जिक्र करायचा. चौदाव्या शतकातील इराणी सूफी अलाउद्दौला सिमनानी यांनी सात लतीफे मानले आणि आदमपासून मुहंमदांपर्यंत सात पैगंबरांशी त्यांचे नाते जोडले.

आता हिशेब जुळवून पाहू. तो तर आमचा धंदाच आहे. कोठे चार, कोठे सहा, कोठे नऊ, कोठे पाच. काळीज आणि मूत्रपिंड मात्र हिंदूला, बौद्धाला, मुसलमानाला सारखेच. चक्र हा तसा अवयव असता, तर संख्येत आणि जागेत एवढा फरक पडला नसता. स्वामी दयानंदांनी तरुणपणी गंगेत वाहत आलेले प्रेत चिरून ग्रंथातील चक्रे शोधली. ती सापडली नाहीत, तेव्हा त्यांनी ते ग्रंथ फाडून नदीत टाकले. उलट मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ च्या पुस्तकात कुंडलिनी म्हणजे व्हेगस नावाची मज्जातंतूची नाडी, असे मांडले. दोघांनीही चक्र शरीरात शोधले. चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग देण्याची पद्धत तर पश्चिमेत विसाव्या शतकात रूढ झाली. जुन्या ग्रंथांत तसा क्रम नाही.

मग हे सारे खोटे का? आम्ही तसे म्हणणार नाही. मन पळते, त्याला बांधायला खुंटी लागते. कोणी ती नाभीत ठोकली, कोणी हृदयात, कोणी भुवयांच्या मध्ये. चक्रे ही ध्यानाची ठिकाणे आहेत. तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात याहून साधा मार्ग सांगितला. श्वास येतो-जातो तो जाणा. केस, नखे, दात, त्वचा असे शरीराचे भाग पाहा. सुखद-दुःखद वेदना उठते आणि विरते ती पाहा. तेथे पाकळ्या नाहीत, उघडायला कुलूप नाही, म्हणून किल्ली विकणाराही नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात. तेथे शिकवण्याची फी घेत नाहीत.

म्हणून बंधू-भगिनींनो, तीनच गोष्टी सांगतो. ध्यान जरूर करा, ज्याला जे ठिकाण रुचेल ते धरा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. थायरॉइड गळ्यात आहे आणि तिची तपासणी रक्तातून होते. आणि कोणी चक्र बंद पडल्याचे सांगून पैसे मागू लागला, तर त्याला एवढेच विचारा, "कोणत्या परंपरेतले? तिथे चक्रे किती?" कालामांना तथागतांनी हेच शिकवले होते: ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या.



जयभीम! नमो बुद्धाय!