करभार आणि ऐपत

शासनाच्या तिजोरीत कर भरतो कोण, असा प्रश्न हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावी विचारला, तर कारखानदार, व्यापारी आणि शहरातील नोकरदार, असे उत्तर मिळणे स्वाभाविक आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे. साबणाची वडी किंवा डोक्याचे तेल विकत घेणारा शेतमजूरही कर देतच असतो. १ जुलै २०१७ पासून अमलात आलेला वस्तू व सेवा कर वस्तूच्या किमतीतच मिसळलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये यांपैकी अनेक वस्तूंवरील दर कमी करण्यात आले, हे खरे. तरीही त्या वडीवर गिरणीमालक जेवढा कर देतो, तेवढाच मजूरही देतो. अप्रत्यक्ष कर माणसाची ऐपत विचारीत नाही. ती विचारण्याचे काम प्राप्तिकर, कंपनी कर आणि संपत्तीवरील कर यांचे आहे. हे काम पुरेसे होते काय, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

या प्रश्नाला महाराष्ट्राने एकेकाळी स्वतःचे उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची शेते करपली आणि हजारो हात खडी फोडण्याच्या कामावर आले. त्या वेळी साखरा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 'मागेल त्याला काम' हे सूत्र पुढे आले आणि रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम ही मेहेरबानी न राहता हक्क ठरली.

हक्क दिला म्हणजे त्यासाठी पैसाही हवा. यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, ओलिताची शेती आणि शहरांतील बिगर-निवासी मालमत्ता यांवरही जादा भार बसविण्यात आला. या करांतून जमा होईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी तरतूद होती. मुंबई-पुण्यातील पगारदाराच्या खिशातून निघालेला रुपया कोरडवाहू गावातील पाझर तलावाच्या आणि नालाबांधाच्या मजुरीत उतरावा, असा हा करार होता. दहा जणांची काठी एकाचे ओझे होते, ही म्हण येथे उलट्या वाटेने सार्थ झाली: एका गावाला न पेलणारे ओझे सर्व राज्याने वाटून घेतले. केंद्राने २००५ मध्ये याच धर्तीचा कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी त्याचा आरंभ झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील ज्या बारा जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत हिंगोली होता.

तथापि या करारातच एक उणीव राहून गेली. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती प्रारंभी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली आणि आजही तीच आहे. त्या वेळी अडीच हजार म्हणजे अनेक नोकरदारांचा महिन्याचा पगार होता. आज महिना दहा हजारांहून किंचित अधिक वेतन घेणारा कारकून वर्षाकाठी २,५०० रुपये भरतो आणि वर्षाला एक कोटी मिळविणारा संचालकही तेवढेच भरतो. पहिल्याच्या उत्पन्नाचा हा सुमारे दोन टक्के भाग होय. दुसऱ्याच्या उत्पन्नाचा ०.०२५ टक्के. कंपनीलाही स्वतःसाठी यापेक्षा अधिक द्यावे लागत नाही. ज्या कराने शहर आणि गाव जोडले, तो कर श्रीमंताच्या दारात मात्र थांबून राहतो.

केंद्रीय करांचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. प्राप्तिकर उत्पन्नाबरोबर चढतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु वेतनावरील सर्वोच्च मूळ दर ३० टक्के असताना, भागभांडवल दीर्घकाळ बाळगून विकल्यास होणाऱ्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे आणि जोवर ते विकले जात नाही, तोवर वाढलेल्या किमतीवर प्राप्तिकर नाही. १९५३ चे संपदा शुल्क १९८५ मध्ये गेले, १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणण्यात आला. २०१९-२० पर्यंत कंपनी कराचे उत्पन्न व्यक्तींच्या प्राप्तिकराहून अधिक असे. २०२३-२४ मध्ये कंपन्यांकडून सुमारे ९.११ लाख कोटी, तर व्यक्तींकडून सुमारे १०.४४ लाख कोटी रुपये आले. भार कंपन्यांकडून माणसांकडे सरकला, असे या आकड्यांवरून दिसते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. केवळ दर चढवून न्याय साधत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. वांच्छू समितीने चढे दर हे करचुकवेगिरीचे एक कारण मानले आणि पुढे ते उतरविण्यात आले. संपत्ती कराचे २०१३-१४ चे उत्पन्न अवघे १,००८ कोटी रुपये होते. एका देशाने दर वाढविला की भांडवल दुसऱ्या देशाची वाट धरते, हाही अनुभव आहे. म्हणूनच ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक राष्ट्रांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा, यास मान्यता दिली. अतिश्रीमंतांवरील कराची चर्चा २०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखाली वीस राष्ट्रांच्या गटातही झाली.

तेव्हा प्रश्न श्रीमंतांचा द्वेष करण्याचा नाही. उद्योगाने संपत्ती निर्माण करावी आणि तिला प्रतिष्ठाही मिळावी. परंतु त्या उद्योगाचा माल ज्या रस्त्यांवरून जातो आणि ज्या शाळांतून त्याचे कामगार घडतात, ते सर्वांच्या पैशातून उभे राहिलेले असतात. दर मध्यम, सवलती मोजक्या आणि वसुली चोख, हाच व्यवहार्य मार्ग होय. त्याचा आरंभ व्यवसाय कराच्या मर्यादेपासून करता येईल. १९८८ ची ती मर्यादा संसदेने उत्पन्नाच्या प्रमाणात उंचावली, तर राज्यांना कारकुनाचा भार न वाढविता संचालकाकडून त्याच्या ऐपतीइतके घेता येईल.

सोयाबीनचे पीक हातचे गेले की साखऱ्यासारख्या गावातील कुटुंबांपुढे दोन वाटा असतात: गावातच मिळणारे काम, किंवा ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन केलेली वाटचाल. पहिली वाट उघडी ठेवण्यास जो पैसा लागतो, तो कोणी किती द्यावा, याचा निर्णय म्हणजेच करनीती.