गळ्यातील गाठ आणि पुढची पिढी



मी शास्त्राचा शिक्षक नव्हे. बी.ए., बी.एड. होऊन इतिहास-भूगोल शिकविणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी वर्गात चेर्नोबिलचा विषय निघाला, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, आईला लहानपणी किरण लागले असतील, तर तिच्या मुलांनाही कॅन्सर होतो का?" मला उत्तर देता आले नाही. मागाहून कळले की तिच्या आईच्या मानेवर लहानपणी किरणोपचार झाले होते, आणि थोरल्या बहिणीच्या सोयरिकीत त्यावरून कुजबुज चालली होती. नाव-गाव सांगत नाही. मात्र त्या उत्तरासाठी जे वाचले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. हवेतील किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या पोटात गेले. आपल्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. चांगले कोणते नि वाईट कोणते, हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान आणि वाढती, म्हणून मार तिला जास्त बसला. तिकडच्या मातीत आयोडीन कमी असल्याने भुकेल्या ग्रंथीने ते अधिकच ओढले. चार-पाच वर्षांनी मुलांमध्ये थायरॉईडचा कॅन्सर वाढू लागला. शेजारच्या पोलंडने वेळीच सुमारे एक कोटी मुलांना साधे आयोडीन पाजले होते.

आता आत काय बिघडते ते पाहू. पेशीतील डी.एन.ए. म्हणजे एक पुस्तक समजा. मोठ्या माणसांच्या या कॅन्सरमध्ये बहुधा एका अक्षराची चूक असते. किरणांनी मात्र पानच फाटते, आणि शिवताना दोन भलत्याच पानांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. 'रेट' नावाचे जनुक असेच दुसऱ्याला जोडले जाते आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सुटतो. २०२१ साली युक्रेनमधील ४४० रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. लहानपणी किरणांची मात्रा जितकी जास्त, तितके असे जोड अधिक आढळले. पण केवळ किरणांचाच म्हणावा असा वेगळा ठसा सापडला नाही. म्हणून एखादी गाठ पाहून 'ही किरणांमुळेच झाली' असे ठामपणे सांगता येत नाही.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर? ही चूक गळ्यातल्या पेशीत होते, बीजात नव्हे. त्याच वर्षी, किरण लागलेल्या आईबापांच्या, १९८७ ते २००२ दरम्यान जन्मलेल्या १३० मुलांचे डी.एन.ए. तपासले गेले, त्यांत नव्या चुका नेहमीपेक्षा जास्त आढळल्या नाहीत. बालपणी किरणोपचार घेतलेल्यांच्या मुलांतही आनुवंशिक रोगांची स्पष्ट वाढ दिसलेली नाही. थायरॉईडचे काही थोडे कॅन्सर घराण्यात चालतात खरे, पण त्यांचे कारण किरण नव्हे.

तेव्हा पालकहो, काळजी मुलीच्या सोयरिकीची नको, आईच्या गळ्याची घ्या. लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि गळा वेळोवेळी तपासून घ्या. गाठ दोन-तीन आठवडे राहिली तर दाखवा. बहुतेक गाठी साध्या असतात; कॅन्सर निघाला तरी या प्रकारचे बहुतेक रुग्ण बरे होतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या छातीच्या एक्स-रेला घाबरू नका, त्याची मात्रा फार अल्प असते. मात्र मुलांचा सी.टी. स्कॅन हौसेने काढू नका. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

आपल्या तानसाचे पाणी ज्या मुंबईला जाते, तेथेच परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालापासून आहे. चेर्नोबिलच्या मुलांना ज्या किरणोत्सारी आयोडीनने आजारी केले, तेच तेथे मोजून देऊन थायरॉईडचा कॅन्सर बरा करतात. अनावर सुटले तर मारते, ज्ञानाने मोजले तर तारते.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, हे अब्बांनाही सांगाल का?" म्हणून आज आपल्या सर्वांपुढे उभा राहिलो.