घरगुती इंटरनेट : दर जाहीर, किंमत अज्ञात



चेन्नईतील एग्मोर हा परिसर दोन सार्वजनिक संस्थांमुळे देशभर परिचित आहे. एक म्हणजे १९०८ साली सुरू झालेले रेल्वे स्थानक आणि दुसरी म्हणजे १८९६ साली वाचकांसाठी खुले झालेले कोनेमारा सार्वजनिक ग्रंथालय. घरगुती इंटरनेटच्या दराविषयी बोलताना या दोन्ही संस्था उपयोगी पडतात. एग्मोर स्थानकाच्या खिडकीवर तिकीट घेणाऱ्या प्रवाशाला मूळ भाडे, आरक्षण शुल्क आणि अतिजलद गाडीचा अधिभार मिळून एकूण किती रक्कम द्यायची, हे गाडीत बसण्यापूर्वीच कळते. कोनेमारा ग्रंथालयाकडे १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत येते. परंतु सूची नसती तर तेथील लक्षावधी पुस्तके असूनही वाचकाच्या हाती काही लागले नसते. किंमत आधी कळणे आणि माहिती शोधता व ताडून पाहता येणे, या दोन साध्या गोष्टी घरगुती इंटरनेटच्या ग्राहकाला अद्याप पुरत्या मिळालेल्या नाहीत. त्याच्या नाराजीचे मूळ येथे आहे.

प्रश्न जुनाच

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. आरंभीच्या शहरांत मुंबई, दिल्ली व कोलकात्याबरोबर चेन्नईचाही समावेश होता. चित्रमय पाने पाहता येतील अशा खात्यासाठी त्या वेळी २५० तासांना १५,००० रुपये मोजावे लागत. मात्र हा आकडा म्हणजे संपूर्ण खर्च नव्हता. जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होत असल्याने जितका वेळ इंटरनेट चालू, तितका वेळ दूरध्वनीचे देयकही वाढत असे. इंटरनेटचा दर एका संस्थेच्या पत्रकात आणि खर्चाचा उरलेला भाग दुसऱ्या देयकात, ही विभागणी त्या काळापासूनची आहे.

१९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सतत चालू राहणारी, किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची जोडणी अशी ब्रॉडबँडची व्याख्या केली. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. वेग वाढला आणि प्रत्येक मेगाबाइटमागे पडणारा खर्च कमालीचा घटला. असे असूनही देयकाबाबतची कुरबूर थांबली नाही. म्हणजेच तक्रार केवळ महागाईची नाही. जे सांगितले गेले आणि जे द्यावे लागले, यांतील अंतराची ती तक्रार आहे.

४९९ रुपयांचे गणित

हे अंतर एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एग्मोरमधील एका कुटुंबाने 'दरमहा ४९९ रुपये' अशी जाहिरात वाचली. चौकशी केल्यावर असे समजले की, हा दर वर्षभराचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी आहे. बारा महिन्यांचे ५,९८८ रुपये होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की रक्कम ७,०६५ रुपये ८४ पैसे होते. जोडणीचे शुल्क १,००० रुपये आणि त्यावरील कर १८० रुपये. राउटरसाठी परत मिळणारी अनामत २,००० रुपये. पहिल्याच दिवशी खिशातून जातात १०,२४५ रुपये ८४ पैसे. अनामत वगळली तरी पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ६८७ रुपये खर्च येतो. जाहिरातीतील आकड्यापेक्षा ही रक्कम जवळजवळ ३८ टक्क्यांनी अधिक आहे.

यातील कोणतीही आकारणी मुळात बेकायदा नाही. कर सरकारचा आहे, तार ओढायला माणूस लागतो आणि राउटर हे यंत्र आहे. प्रश्न आहे तो या बाबी कोणत्या टप्प्यावर उघड होतात याचा. ग्राहकाने मन बनवल्यानंतर एकेक रक्कम पुढे येत गेली, तर दोन कंपन्यांच्या योजनांची तुलना निरर्थक ठरते. अर्थशास्त्रात बाजारपेठेची कार्यक्षमता माहितीवर अवलंबून असते असे मानतात. विक्रेत्याला सर्व ठाऊक आणि खरेदीदाराला थोडेच, अशा स्थितीस माहितीची असममितता म्हणतात. घरगुती इंटरनेट हे तिचे रोजच्या व्यवहारातील उदाहरण होय.

याउलट वाण्याच्या दुकानातील बिस्किटाचा पुडा पाहावा. त्यावर 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' छापलेली असते. १९९० मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे हे बंधनकारक झाले. पाच रुपयांच्या पुड्यावर जी शिस्त आहे, ती वर्षाला सात-आठ हजार रुपयांच्या सेवेवर नाही.

वेगाचे मोजमाप

किमतीइतकाच गोंधळ वेगाबाबत आहे. जाहिरातीत वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर उतरवून घेतलेली फाइल संगणक मेगाबाइटमध्ये मोजतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट देते. शिवाय जाहिरातीतील 'पर्यंत' हा शब्द कमाल मर्यादा सांगतो, किमान हमी देत नाही. एकच वाहिनी अनेक घरांत वाटली जात असल्याने सायंकाळी सर्वांचा वापर वाढला की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो.

'अमर्याद' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. पुष्कळ योजनांत ठरावीक वापरानंतर वेग कमी केला जातो. या व्यवस्थेला 'न्याय्य वापर धोरण' असे नाव आहे. इंटरनेट बंद होत नाही, या अर्थाने ते अमर्याद असते. परंतु ज्या वेगासाठी पैसे भरले तो वेग मर्यादित असतो.

नियामकाची भूमिका

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, १९९७ च्या कायद्यानुसार स्थापन झाले. घरगुती ब्रॉडबँडचे दर ट्राय ठरवून देत नाही. स्पर्धेवर विसंबून दर कंपन्यांवर सोडण्याच्या या धोरणात, दर अमलात आणल्यावर कंपनीने ते ठरावीक मुदतीत ट्रायला कळवायचे असतात. अशा व्यवस्थेत पारदर्शकतेला विशेष महत्त्व येते. किमतीवर सरकारी लगाम नसेल, तर तो स्पर्धेने घालायचा. आणि ग्राहकाला तुलना करता आली तरच स्पर्धा काम करते.

ट्रायने या दिशेने वेळोवेळी पावले उचलली. २००६ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनी ग्राहकाला ठरलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा आणि जोडणी बंद केल्यावर अनामत ६० दिवसांत परत व्हावी, असे निकष घालून दिले. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या एकत्रित विनियमांनी घेतली. वापराची मर्यादा व त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगावा, असे निर्देश २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये देण्यात आले. सप्टेंबर २०२० मध्ये दरांच्या प्रसिद्धीतील पारदर्शकतेबाबत सविस्तर निर्देश निघाले.

तरीही उणीव राहते. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आणि आपल्या शब्दांत माहिती मांडते. एकीकडे मासिक दर, दुसरीकडे सहामाही. एकीकडे करासह, दुसरीकडे कराविना. माहिती प्रसिद्ध होते, पण ती सूचीविना ठेवलेल्या ग्रंथभांडारासारखी राहते.

चेन्नईच्या केबल प्रयोगाचा धडा

घरात येणाऱ्या सेवेचे देयक उलगडून दाखवण्याचा एक प्रयोग चेन्नईनेच देशात प्रथम अनुभवला आहे. केबल दूरचित्रवाणीसाठी 'सशर्त प्रवेश प्रणाली' १ सप्टेंबर २००३ पासून या शहरात लागू झाली. किमान ३० निःशुल्क वाहिन्यांच्या मूळ संचासाठी ७२ रुपये व कर असा दर ठरला आणि सशुल्क वाहिन्या सेट-टॉप बॉक्स घेऊन निवडण्याची मुभा मिळाली. अनेक कुटुंबांनी बॉक्स न घेता निःशुल्क वाहिन्यांवरच समाधान मानले. एकरकमी देयकाची फोड झाली की ग्राहक नको त्या गोष्टीला नकार देऊ शकतो, हे त्यातून दिसले. पुढे २०१९ मध्ये देशभर लागू झालेल्या व्यवस्थेत प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किरकोळ किंमत जाहीर करणे आवश्यक ठरले. जी फोड दूरचित्रवाणीबाबत शक्य झाली, ती इंटरनेटबाबत अशक्य मानण्याचे कारण नाही.

दाद मागण्याचा मार्ग

तक्रारीचा पहिला टप्पा कंपनीचे तक्रार केंद्र हा असून तेथे नोंदणी क्रमांक मिळवणे महत्त्वाचे असते. निराकरण न झाल्यास २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, ही गोष्ट परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावी.

न्यायालयीन मार्ग मात्र काही वर्षे धूसर होता. सप्टेंबर २००९ मध्ये 'महाव्यवस्थापक, दूरसंचार विरुद्ध एम. कृष्णन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, १८८५ च्या तार कायद्यातील कलम ७ब मध्ये लवादाची तरतूद असल्याने दूरध्वनी देयकाचे वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत, असा निर्णय दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख झाला. हा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये 'व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल' या प्रकरणात, दूरसंचार सेवेच्या ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले.

नव्या कायद्यामुळे ग्राहक आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. कंपनीचे मुख्यालय कोठे आहे याला महत्त्व उरत नाही. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या पद्धतींना मनाई केली असून सुरुवातीला कमी किंमत दाखवून पुढे ती वाढवत नेणे, ग्राहकाच्या नकळत खरेदीत भर घालणे आणि वर्गणी बंद करणे अवघड करून ठेवणे या पद्धतींचा त्यांत समावेश आहे.

पुढील दिशा

या प्रश्नाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. रस्ता खोदण्याची परवानगी, खांबांचे भाडे आणि इमारतीत प्रवेश यांचा खर्च इंटरनेट कंपन्यांना, विशेषतः लहान कंपन्यांना जड जातो. अनेक घरांपर्यंतचा शेवटचा टप्पा स्थानिक केबलचालक सांभाळतो. त्याच्या जोरावर सेवा पोहोचते, पण जबाबदारी कोणाची हा संभ्रमही तेथेच निर्माण होतो. एखाद्या इमारतीत एकाच कंपनीची तार असेल, तर दराची कितीही स्पष्ट माहिती रहिवाशांना पर्याय देऊ शकत नाही. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींच्या डिजिटल जोडणीच्या मानांकनाविषयी केलेले विनियम यादृष्टीने उपयुक्त आहेत.

अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून उर्वरित कंपन्यांना ब्रॉडबँड योजनेसोबत एकाच नमुन्याचा तक्ता दाखवणे बंधनकारक झाले. खाद्यपदार्थांवरील पोषणमूल्यांच्या तक्त्याच्या धर्तीवर त्यात मासिक किंमत, एकवेळचे शुल्क, वेग आणि वापराची मर्यादा नमूद असते. भारतासाठी असा तक्ता करायचा झाल्यास त्यात करासह पहिल्या वर्षाचा एकूण खर्च, दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च, अनामत व ती परत मिळण्याची मुदत, मर्यादेनंतरचा वेग आणि सेवा बंद करण्याची रीत या बाबी मराठी, तमिळ अशा त्या त्या राज्याच्या भाषेत असणे अगत्याचे ठरेल.

मराठी समाजाला ग्राहक चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या पिढीचा लढा वजन, माप आणि भेसळ यांच्याशी होता. आजच्या पिढीला अदृश्य वस्तूचे माप मागायचे आहे. अभ्यास, परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार आणि वैद्यकीय सल्ला ज्या तारेवरून घरात येतात, त्या तारेची पूर्ण किंमत ती जोडण्यापूर्वी कळणे हा ग्राहकाचा माहितीचा हक्क आहे. पैसे भरण्यापूर्वी एकूण रक्कम लेखी मागणे आणि पावती जपून ठेवणे, या दोन सवयींपासून त्या हक्काचा वापर सुरू होतो.