म्हातारपणाची बेगमी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय काढतो, याची क्षमा असावी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चाचांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी नंदगडहून बेळगावास न्यावे लागले. चाचा सोसायटीचे जुने सभासद. ‘यशस्विनी’चे कार्ड पेटीत जपून ठेवलेले; पण त्या वर्षीची नोंदणी करावयाची राहून गेली होती. पाचशे रुपये वाचले आणि दुभती म्हैस गेली. दोष कोणाचा? चाचांना अक्षरओळख नाही. पदवी आम्ही मिळवली आहे. मुदतीची तारीख आम्ही वाचावयास हवी होती.

म्हणून चार गोष्टी सांगतो. ‘यशस्विनी’ २००३ साली सुरू झाली, २०१८ साली दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून पुन्हा चालू झाली. तेव्हा खेड्यातील सभासदाला चौघांच्या कुटुंबामागे वर्षाला ५०० रुपये वर्गणी होती व ५ लाखांपर्यंत उपचाराची सोय होती. मात्र ही सोय त्या वर्षापुरतीच. कार्ड जुने झाले म्हणून हक्क टिकत नाही.

‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेत बी.पी.एल. रेशनकार्डाच्या कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. इतरांस ठरलेल्या खर्चाचे ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीचा प्रसंग नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घ्यावी.

खासगी विमा घेण्यास ६५ वर्षांची अट आडवी येत असे. १ एप्रिल २०२४ पासून ती उठली आहे. जुन्या दुखण्यासाठी थांबावयाची मुदतही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. हप्ता मात्र वयाप्रमाणे चढतो. अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नये; लपविलेले दुखणे ऐन वेळी दावा बुडविते.

कोणताही मार्ग धरा, तीन प्रश्न विचारा : आपले रुग्णालय यादीत आहे काय? आपले दुखणे त्यात बसते काय? मुदत केव्हा संपते?

विश्वस्तांना एकच विनंती. नोंदणी जाहीर होताच ट्रस्टच्या जागेत एक दिवस ठरवावा. वृद्धांनी आपापली कार्डे घेऊन यावे. आम्ही शिक्षक मंडळी ती वाचून सांगू, अर्ज भरून देऊ. आमच्या घरी जे घडले ते दुसऱ्या घरी घडू नये, एवढीच इच्छा.

ट्रस्टचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.