हसन-हुसेनचे हॉब्सन-जॉब्सन

इंग्रजीत 'हॉब्सन-जॉब्सन' असा एक शब्द आहे. ऐकला की वाटते, साबणाच्या कारखान्याचे दोन भागीदार असावेत. भागीदार कुठले! मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत 'या हसन! या हुसेन!' असा आक्रोश करतात. तो हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडला आणि त्यांनी तो आपल्या ओळखीच्या दोन नावांत कोंबला.

हे एका दमात घडले नाही. शिवकाळात इकडे आलेला डॉक्टर फ्रायर 'हॉसी गॉसी' लिहितो. १७२६ मध्ये व्हॅलेंटाइन नावाच्या डच लेखकाकडे त्याचे 'याक्सम बाक्सम' होते. पुढे पलटणीत हॉब्सन-जॉब्सन पक्के झाले आणि अर्थही सैल पडला. नेटिवांचा कुठलाही गोंगाटाचा उत्सव, तमाशा म्हणजे हॉब्सन-जॉब्सन.

हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश रचला. बर्नेल १८८२ मध्ये वारले. यूलनी १८८६ मध्ये कोश छापला, तो याच नावाने. नुसते 'शब्दसंग्रह' म्हटले तर वाचक फिरकणार नाही, असा त्यांचा हिशेब. परका शब्द आपल्या जिभेच्या साच्यात ओतला जातो, त्याला पुढे इंग्रजीत 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' असेच म्हणू लागले.

हे काही इंग्रजांनीच केले असे नाही. आपणही लॉर्डचा 'लाट' केला, पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चे 'हुकुमदार' केले. पण लाटसाहेबासाठी कोणी ऊर बडवत नव्हते. इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात हुसेन तहानलेले मारले गेले. त्या शोकाचा 'तमाशा' व्हावा, हे मला खुपते. कोश मात्र मी हौसेने चाळतो, इतका रसाळ कोश क्वचितच सापडतो!

हेच नाव दुसऱ्या वाटेनेही गेले. त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी मजुरांकडे हुसेनचे 'होसे' झाले. हिंदू-मुसलमान मिळून ताबूत काढत. १८८४ मध्ये सरकारने मिरवणुकांना शहरबंदी केली. मजूर तरी निघाले. सॅन फर्नांडोच्या वेशीवर गोळीबार झाला, माणसे मेली. सेंट जेम्समध्ये होसे आजही निघतो. तिथे ताबुताला 'ताजा' म्हणतात, आणि पुढे जो वाजतो तो आपला ताशाच, फक्त त्याचा 'तासा' झाला आहे.